पालथी वाटी

"ताई, हा कुणाचा कोण लागतो?"

काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यांच्या काळपट तळहातावर शिशाचा एक बारीक खिळा होता आणि खिळ्याच्या डोक्यावर उलटं कोरलेलं एक चिन्ह. मी तो खिडकीच्या उजेडात धरला. वस्तू आणि संच यांच्या मधे लिहितात ते ∈ होतं.

"हे 'चा घटक आहे' असं दाखवतं," मी म्हटलं. "अमुक एक वस्तू अमुक संचात आहे."

"म्हणजे घरचा माणूस."

"हो, तसं म्हणा हवं तर."

"आणि ह्याच्यावर तिरपा रेघ मारला की?"

"मग घरचा नाही."

"परका," काका समाधानाने म्हणाले. त्यांनी खिळा माझ्या हातातून घेतला, एका पितळी पानदानाच्या खणात टाकला, झाकण लावलं आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसले. मला नोकरीवर रुजू होऊन तेव्हा जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती. माझ्याशी मराठीत बोलेल असं त्या प्रेसमध्ये कुणीच नसणार, अशी माझी समजूत होती. त्यामुळे प्रश्नापेक्षा प्रश्नाच्या भाषेनेच मी अधिक चकित झाले होते.

साठचं दशक संपत आलं होतं. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यांची बदली कलकत्त्याला झाली आणि आम्ही बालीगंजमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलो. पुण्याहून मी गणितात एम. एस्सी. होऊन आले होते आणि दिवसभर गॅलरीत उभी राहून समोरच्या घरातल्या बायका मासळी कशी निवडतात ते बघत होते. शेजारच्या बाईंचे दीर पुस्तकांच्या धंद्यात होते. त्यांनी सांगितलं, कॉलेज स्ट्रीटच्या मागे एका गल्लीत प्रेस आहे, तिथे गणित कळणारा मुद्रितशोधक हवाय. शाळा-कॉलेजांत तेव्हा नव्या पद्धतीचं गणित शिरत होतं. अंकगणिताच्या जागी एकदम संच, उपसंच, संयोग, छेद. पुस्तकं धडाधड निघत होती आणि ती छापणाऱ्यांना त्यातली चिन्हं ओळखता येत नव्हती. मी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून टेबल मिळालं.

खिळे जुळवणाऱ्याला मराठीत जुळारी म्हणतात. काका तिथले मुख्य जुळारी. पंचावन्नच्या आसपासचे, बारीक अंगाचे, धोतर आणि वर बिनबाह्यांचा बनियन. बाहेर जाताना मात्र कडक इस्त्रीचा सदरा. त्यांचे वडील देवनागरी खिळे जुळवायला म्हणून कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. काकांचा जन्म भवानीपूरचा. बायको बंगाली होती, ती वारली होती. मुलगा आणि सून बंगालीच बोलत. काकांचं मराठी आईबरोबर बोलण्यापुरतं होतं, आणि आई जाऊन वीस वर्षं झाली होती. त्या मराठीत स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग जवळजवळ नव्हतं. बंगालीला लिंगाची कटकट नाही, तेव्हा काकांनी सगळ्या जगाला पुल्लिंगी करून टाकलं होतं. "माझा आई फार कडक होता," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. आणि बंगालीत सगळंच 'खातात' म्हणून ते चहा खात, पाणी खात, आणि लोक विडी खात. मी सुरुवातीला सुधारायला गेले. त्यांनी सुधारणा ऐकून घेतली, मान डोलावली आणि विचारलं, "ताई, चहा खाणार?"

सगळा प्रेस त्यांना काका म्हणे. बंगालीतही काका म्हणजे काकाच, त्यामुळे मला वेगळं काही ठरवावं लागलं नाही.

अर्थ कळल्याशिवाय चिन्ह लावायचं नाही, हा त्यांचा हट्ट. साधी अक्षरं ते न वाचताही लावत. पण चिन्ह आलं की हात थांबे. माझ्या टेबलापाशी येत, उभेच राहत, आणि मी सांगितलेला अर्थ आपल्या भाषेत घालून परत म्हणून दाखवत. सगळ्या चिन्हांना त्यांची स्वतःची नावं होती. ∪ ही वाटी. ∩ ही पालथी वाटी. उपसंचाचं ⊂ म्हणजे 'पोटातला'. रिक्त संच म्हणजे 'ताळा लावलेला घर', कारण गोलावरची रेघ त्यांना कडीसारखी दिसे. मालकांना हा सगळा प्रकार वेळेचा अपव्यय वाटे.

"जुळाऱ्याला अर्थाशी काय करायचंय?" ते मला म्हणत. "कॉपीत जे आहे ते लावावं." कॉपी म्हणजे लेखकाचं हस्तलिखित.

मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एक दिवस काकांनी मला केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीपाशी नेलं. एक साधा 'a' उचलून मला दाखवला. खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते. बोट खाचेवर ठेवलं की खिळा सुलटा की उलटा ते न बघता कळतं.

"हा उलटा पडला तर?" काकांनी विचारलं.

"छापल्यावर उलटा 'a' दिसेल."

"कुणाला दिसेल?"

"कुणालाही."

मग त्यांनी पानदान उघडलं आणि ∪ काढला. "हा उलटा पडला तर?"

मी तो बोटांत फिरवला. उलटा पडलेला ∪ हा ∩ असतो. संयोगाचा छेद होतो, 'किंवा'चं 'आणि' होतं, आणि कागदावर मात्र सगळं ठाकठीक दिसतं. त्यातही आमच्या प्रेसची अडचण अशी की खिळे ओतणाऱ्या ओतशाळेने वाटीचा एकच खिळा पाठवला होता. वेगळी पालथी वाटी मागितली तर तिथून निरोप आला, 'तोच उलटा घाला.' त्यामुळे खाचेचाही उपयोग नाही. ⊂ फिरवला की ⊃ होतो. ∈ फिरवला की तोंड दुसरीकडे करतो.

"अक्षराचा चूक आंधळ्यालापण दिसतो," काका म्हणाले. "ह्याचा चूक फक्त ज्याला कळतो त्याला दिसतो. मला कळला नाही तर तुम्हाला दिसेल. तुम्हाला डुलकी लागला तर?"

मला डुलक्या लागत नाहीत, असं मी जरा फणकाऱ्यानेच सांगितलं.

पानदान त्यांच्या बायकोचं. चुन्याच्या खणात ∈, सुपारीच्या खणात वाट्या, कात ठेवायच्या जागी 'पोटातले'. केसमध्ये ही चिन्हं ते ठेवत नसत, दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. रिक्त संचाचं चिन्ह तर कुठे मिळतच नव्हतं. जाहिरातींसाठी असतो तसा भरीव काळ्या टिकलीचा खिळा त्यांनी घेतला, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि दाभणासारख्या टोकदार हत्याराने त्या टिकलीतून दोन अर्धचंद्र कोरून काढले. मागे राहिलं एक कडं आणि त्याच्या मधून गेलेली तिरपी रेघ. पहिले दोन खिळे फुकट गेले, कारण छाप उलटी उमटते हे इतक्या वर्षांचा जुळारी असूनही कोरण्याच्या भरात ते विसरले आणि रेघ दुसऱ्याच बाजूला कलली. तिसरा जमला. तो शाईत बुडवून त्यांनी माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर उमटवला आणि त्या चिन्हाकडे एखाद्या नवजात मुलाकडे बघावं तसं बघत राहिले.

"ताई," ते म्हणाले, "ह्याच्या आत काही नाही, हे ठीक. पण काही नाही ह्याला नाव कशाला लागतं?"

मी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही. ते त्यांना पटलं नव्हतं एवढं आठवतं.

एका दुपारी शहरात कुठेतरी गडबड झाली. त्या दिवसांत ती सारखीच होई. दुकानांच्या फळ्या पटापट पडल्या, ट्रामी जागच्या जागी उभ्या राहिल्या. मालकांनी प्रेस बंद केला आणि काकांना सांगितलं, दीदींना घरापर्यंत सोडा. आम्ही चालत निघालो. एस्प्लनेडला एकामागे एक अशा रिकाम्या ट्रामींची लांबलचक रांग उभी होती. माझं लक्ष पोलिसांच्या गाड्यांकडे. काका ट्रामींकडे बघत होते.

"ताई, माणूस ट्रामच्या आत बसला. तो ट्रामचा घरचा."

"काका, जरा भरभर चालू या."

"ट्राम डेपोच्या आत गेला. तो डेपोचा घरचा."

"बरं."

"मग तो माणूस डेपोचा घरचा झाला का नाही?"

"नाही झाला," मी म्हटलं. "डेपोची यादी ट्रामींची आहे. तिच्यात माणसांची नावं नाहीत. घटकाचा घटक हा घटक असतोच असं नाही."

काका भर रस्त्यात थांबले. उजवीकडे मैदान मोकळं पडलेलं, पुढे चौकात शिपाई काठ्या घेऊन उभे, आणि हे थांबलेले. एक शिपाई ओरडला, "ओ दादा, काय हरवलं का?" काकांनी त्याच्याकडे वळून हात वर केला, जरा थांबा अशा अर्थाने. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे पोटातला आणि घरचा, हे दोन निराळे आहेत. मी दोन महिने एकच समजत होतो."

बालीगंजपर्यंतचा उरलेला रस्ता ते अगदी आनंदात होते. मी मात्र घरी आल्यावर दाराला कडी लावून बसले. यजमानांनी विचारलं, बाहेर परिस्थिती कशी आहे? मला काहीही सांगता आलं नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

एका नामांकित प्राध्यापकांचं कॉलेजसाठीचं पुस्तक आमच्याकडे आलं. इंग्रजीत होतं. कॉलेजं उघडायच्या आत हवं होतं. मालक ती कॉपी घेऊन आले तेव्हा देवाच्या प्रसादासारखी दोन्ही हातांत धरून आले होते. काकांनी ती जुळवायला घेतली. माझ्याकडे मुद्रितं, म्हणजे तपासायची प्रुफं, येऊ लागली. चाळिसाव्या पानाच्या आसपास एका ओळीत मला दिसलं की कॉपीत ∪ आहे आणि काकांनी ∩ लावलाय. उलटा पडलेला खिळा. मी समासात खूण केली. दुसरं मुद्रित आलं, पुन्हा ∩. पुन्हा खूण केली आणि खाली लाल शाईने रेघ ओढली. तिसऱ्या मुद्रितात पुन्हा तेच, आणि या वेळी मुद्रिताबरोबर काकाही आले. एका हातात चहाचा कप होता.

"ताई, हा उलटा पडलेला नाही. मी पाडलेला आहे."

"कॉपीत सुलटा आहे, काका."

"कॉपीच चुकला आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. जुळाऱ्याने आपल्या मनाने कॉपी बदलणं म्हणजे आमच्या धंद्यात काय असतं, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"बसा," ते म्हणाले, आणि मी बसलेलीच होते. "ह्या प्रेसमधले चहा खाणारे, तो अ. विडी खाणारे, तो ब. दोन्ही मिळून एक वाटीत घातले. त्या वाटीच्या बाहेर कोण?"

"जे चहाही घेत नाहीत आणि विडीही ओढत नाहीत ते."

"असा एकच आहे. मशीनवाला बुढा, त्याचा पोट खराब. आता कॉपी काय म्हणतो? म्हणतो, वाटीच्या बाहेरचे कोण, तर जे चहा खात नाहीत किंवा विडी खात नाहीत. किंवा! ताई, मी विडी खात नाही. म्हणजे पुस्तकाच्या मते मी वाटीच्या बाहेर. वाटीच्या बाहेर म्हणजे मी चहापण खात नाही." त्यांनी कप माझ्या टेबलावर, मुद्रिताच्या शेजारी ठेवला. "मग हा काय आहे?"

कपातून वाफ येत होती. मी ओळ पुन्हा वाचली. संयोगाच्या बाहेरचे ते दोन्ही संचांच्या बाहेरच्यांच्या छेदात असतात. हा नियम मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी पाठ केला होता आणि नंतर मुलींना शिकवलाही होता. उजव्या बाजूला पालथी वाटीच हवी होती. प्राध्यापकांचा हात घसरला होता. आणि मी कॉपीशी ताडून बघण्याच्या नादात तीच चूक दोनदा, लाल रेघ मारून, परत घालायला निघाले होते.

 कप उचलून काकांनी उरलेला चहा संपवला.

आम्ही दोघं मालकांकडे गेलो. मालकांनी प्राध्यापकांना फोन लावला. फोनवर पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. तीस वर्षं हा विषय शिकवतोय, आता खिळे जुळवणारा मला शिकवणार का, कॉपीत आहे तसं छापा, नाहीतर पुस्तक दुसरीकडे नेतो. मालकांचा चेहरा पडला. फोन ठेवून ते काकांना म्हणाले, "तो खिळा सुलटा करा."

"नाही."

"उद्या सकाळी दहाला पानं मशीनवर चढणार आहेत. केला नाहीत तर उद्यापासून येऊ नका."

काका जुळणीच्या खोलीत परत गेले. हातातला चिमटा केसवर ठेवला आणि स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसून राहिले. मालक मागोमाग आले आणि शेजारच्या जुळाऱ्याला म्हणाले, "तू कर." तो पंधरा वर्षं काकांच्या शेजारी बसणारा माणूस. त्याने दोऱ्याने बांधलेल्या त्या पानाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बाबू, यातली कुठली वाटी ते मला ओळखू येत नाही." मालक पाय आपटत निघून गेले.

प्राध्यापक बालीगंजलाच राहत, आमच्यापासून दहा मिनिटांवर. त्याच संध्याकाळी मी ते मुद्रित पर्समध्ये घालून त्यांच्या घरी गेले. ते व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. फोनवरच्या आवाजावरून वाटले होते तसे अजिबात नव्हते. छोटेसे, टक्कल पडलेले, सौम्य गृहस्थ. त्यांच्या पत्नीने माझ्यापुढे संदेशची, त्या बंगाली मिठाईची, बशी ठेवली. मी मुद्रित पुढे केलं आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अरे देवा," ते म्हणाले. "हे मी लिहिलं?" आणि खरोखर मनापासून हसले. "माझ्या पोरांनी मला वर्गात फाडून खाल्लं असतं. मालकांना मी सकाळी फोन करतो. तुम्ही वाचवलंत मला. पुण्याच्या एम. एस्सी. ना तुम्ही? तरीच. तरीच म्हटलं, जुळाऱ्याला हे कसं दिसेल!"

माझ्या तोंडात संदेश होता. मी हसले. तोंडात संदेश होता, ही सबब मी पुढे किती तरी दिवस स्वतःला देत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच फोन आला, मालक एकदम प्रसन्न झाले, पालथी वाटी पालथीच मशीनवर चढली. काका माझ्या टेबलापाशी आले. त्या दिवशी इस्त्रीचा सदरा काढायचं ते विसरले होते.

"काय बोलले?"

"चूक मान्य केली."

"आणि? काय विचारलं? कुणी धरला, कसा धरला?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही विचारलं."

 "बरोबर आहे," काका म्हणाले. "मोठा माणूस. त्यांना वेळ कुठला."

तीन आठवड्यांनी पुस्तकाची प्रस्तावना आली. ती शेवटी येते, शेवटी जुळवली जाते. माझ्यापुढे थेट तिचं मुद्रितच आलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की, एक गंभीर चूक वेळीच लक्षात आणून दिल्याबद्दल प्रेसच्या विदुषी मुद्रितशोधक श्रीमती अमुक अमुक यांचा लेखक ऋणी आहे. माझं नाव, यजमानांचं नाव, आडनाव, सगळं नीट. एकही खिळा सरकलेला नव्हता. ती ओळ कुणी जुळवली ते मला विचारावं लागलं नाही.

काका मुरमुरे खात बसले होते. मी मुद्रित हातात घेऊन समोर उभी राहिले.

"स्पेलिंग बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. "तुमचा आडनाव फार लांब आहे."

"काका, मी आजच जाऊन त्यांना सांगते. हे नाव तुमचं हवं."

"नावाचं राहू द्या." त्यांनी मुरमुऱ्यांचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. "तुम्ही म्हणालात, त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं होतं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"काय विचारलं होतं?"

"म्हणाले, जुळाऱ्याला हे कसं दिसेल."

"तेच!" काका एकदम जिवंत झाले आणि लगेच विझले. "तेच तर मला सांगायचं होतं, कसं दिसलं ते. तीन आठवडे मी विचार करतो आहे, एवढा मोठा माणूस, त्याला काहीच कसं जाणून घ्यायचं नाही. मला वाईट वाटत होतं. माझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी."

मी त्या दिवशी प्रेस सुटायच्या आधीच निघाले. व्हरांड्यात उभ्याउभ्याच प्राध्यापकांना सगळं सांगितलं: मी ती चूक दोनदा परत घालायला निघाले होते तेही, आणि संदेशची बशी समोर असताना गप्प राहिले तेही. चहाचं आणि विडीचं उदाहरणही सांगितलं. ते ऐकत होते. हसले नाहीत.

"किती शिकलेत ते?"

"सातवी."

"तुम्ही त्याच दिवशी बोलायला हवं होतं."

"हो."

एवढंच. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मला वाटलं, संपलं. आता प्रस्तावनेतून ती ओळच जाईल, आणि तेही एका परीने बरंच होईल.

चौथ्या दिवशी दुपारी जुळणीच्या खोलीकडे जाणाऱ्या अरुंद लाकडी जिन्यावर काठीचा आवाज आला. प्राध्यापक एकेक पायरी चढत होते, मागे मालक हात पसरून, जणू ते पडलेच तर झेलायला, आणि मालकांच्या मागे मी. काका एक ओळ जुळवत होते. उठले नाहीत. ओळ पुरी केली, खिळे लावायची स्टिक खाली ठेवली आणि मग उठले.

"ते चहाचं आणि विडीचं," प्राध्यापक बंगालीत म्हणाले, "तुमच्या तोंडून ऐकायला आलोय."

काकांनी त्यांना आपलं स्टूल दिलं आणि उभ्याने सांगितलं, बंगालीत, न अडखळता. बंगालीत काका फार सुंदर बोलत हे मला त्या दिवशी कळलं. मशीनवाल्या म्हाताऱ्याला खालून बोलावून आणून पुरावा म्हणून उभा केला. प्राध्यापक मान हलवत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

काकांनी बनियनच्या आतून रद्द मुद्रिताची एक पट्टी काढली. तिच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात अकरा प्रश्न लिहिलेले होते. "या अकरा जागा मी न कळता लावल्यात," ते म्हणाले. "दीदींना विचारायचं धाडस झालं नाही. त्या दमतात."

पहिला प्रश्न असा होता: रिक्त संच प्रत्येक संचाच्या पोटात असतो असं पुस्तक म्हणतं, ते कसं काय?

"नसतो असं म्हणणाऱ्याने," प्राध्यापक म्हणाले, "रिकाम्या घरातली अशी एक वस्तू दाखवावी, जी दुसऱ्या घरात नाही. दाखवा."

काका विचार करत राहिले. खालच्या मशीनचा खडखड आवाज येत होता. मग ते मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी आधी ऐकलं नव्हतं. शेजारचा जुळारी हातातला खिळा तसाच धरून बघत राहिला. सगळे प्रश्न संपायला पाच वाजले. मालकांनी दोनदा चहा पाठवला. त्यातल्या दोन प्रश्नांवर प्राध्यापक म्हणाले, "हे माझंच नीट लिहून झालेलं नाही," आणि तिथेच मांडीवर कागद घेऊन ती वाक्यं पुढच्या आवृत्तीसाठी नव्याने लिहून दिली.

जाताना ते म्हणाले की प्रस्तावनेत काकांचं नाव घालणार. काका नको म्हणाले. प्राध्यापक काठी टेकून उभे राहिले.

"कॉपी कोणाची आहे?"

"आपली."

"मग कॉपीत असेल ते लावायचं असतं ना?"

काकांनी स्टिक पुन्हा हातात घेतली.

सुधारलेली प्रस्तावना आली. माझं नाव गेलं होतं, तसं मी त्या दिवशी जिन्यापाशी प्राध्यापकांना सांगितलंच होतं. काकांनी ती सगळी जुळवली, फक्त शेवटची ओळ सोडून. स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लावायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. ती शेजारच्याने लावली आणि काका त्याच्या मागे उभे राहून बघत होते, असं त्याने मला नंतर सांगितलं.

मुद्रित घेऊन ते स्वतः खाली आले. नावं वाचताना आमच्याकडे अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायची रीत होती, कारण नावात चूक झाली तर अर्थावरून ती पकडता येत नाही. मी कॉपीवर एक बोट ठेवलं, मुद्रितावर दुसरं, आणि पहिल्या मोठ्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत एकेक अक्षर वाचत गेले. काका टेबलाच्या कडेला धरून उभे होते.

"काही चूक?"

"नाही, काका. सगळं बरोबर आहे."

ते हलले नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "एकदा परत वाचा."

मी परत वाचलं.